मधला वेग

विज्ञान हा माझा विषय नव्हे. मी कलाशाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास शिकवतो. तरीही गेल्या पावसाळ्यात आठवीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, कपडे पिळताना आमचे वॉशिंग मशीन आधी थडथडते आणि जोरात फिरू लागले की शांत होते. असे का?"

मी तत्परतेने सांगितले, "आधी कपडे एका बाजूस गोळा झालेले असतात, मग ते सारखे पसरतात."

क्षणभर विचार करून तो उद्गारला, "पूण सर, रावतना परत हालता!"

खरेच, थांबताना कपडे पसरलेलेच असतात. मग तेव्हा थरथर कशाची? मजपाशी उत्तर नव्हते. मी म्हणालो, "वर्गात शुद्ध मराठीत बोल." माझ्या घरची भाषाही कोंकणीच, हे त्याला ठाऊक होते. तो मुकाट्याने खाली बसला.

ते बसणे मला डाचत राहिले. ग्रंथालयातून पुस्तके आणली, तेव्हा कळले की हा प्रश्न थेट जेट विमानाच्या इंजिनापर्यंत पोहोचतो.

फिरत्या दांड्यावरील चक्र कितीही काळजीने घडवले तरी केसभर एका बाजूस जड असतेच. दांड्याला कंपनाची स्वतःची अशी एक गती असते. फिरण्याचा वेग तिच्याशी जुळला की, झोपाळ्याला बसावा तसा, प्रत्येक फेरीचा धक्का नेमक्या वेळी बसतो आणि दांडा धनुष्यासारखा वाकतो. हाच क्रांतिक वेग. त्यापलीकडे दांडा स्थिर फिरूच शकणार नाही, असा निष्कर्ष रँकिन या थोर स्कॉटिश विद्वानाने १८६९ साली गणिताने काढला. परंतु पुढे १८८९ च्या सुमारास स्वीडनच्या द लाव्हाल यांनी मुद्दाम बारीक, लवचीक दांड्यावर वाफेचे चक्र बसवले आणि ते मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत फिरवले! क्रांतिक वेग ओलांडताच ते शांत झाले. त्याचे कारण फॉपल यांनी १८९५ मध्ये आणि जेफकॉट यांनी १९१९ मध्ये उलगडले: पलीकडे गेल्यावर जड बाजू आत वळते आणि चक्र आपल्या भारमध्याभोवती फिरू लागते.

जेट इंजिनात बहुधा एकात एक असे दोन दांडे असतात. चालू होताना आणि बंद होताना त्यांना असे काही वेग ओलांडावे लागतात. अभियंते संगणकावर दांड्याचे असंख्य तुकडे कल्पून, प्रत्येकास वजन व ताठपणा देऊन हे वेग आधीच हुडकतात. बेअरिंगभोवती तेलाचा पातळ थर ठेवतात. तो थरथर गिळतो.

सोमवारी मी फळ्यावर दांडा व चक्र काढले आणि भर वर्गात म्हणालो, "माझे उत्तर अपुरे होते. तुझा आक्षेप बरोबर होता. आणि तुला गप्प बसवले, तेही चुकले." मुलगा लाजला. मग हळूच त्याने विचारले, "सर, रँकिनना त्यांची चूक कुणी सांगितली?"

"नाही रे," मी म्हणालो, "ते १८७२ सालीच वारले होते."