पऱ्हाट्यांचा ढीग

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार येतात, तेव्हा पंधरा कर्मादानांची नावे आपण सारे एका सुरात म्हणतो. त्यांतील एक ‘दवग्गिदावणया’, म्हणजे रान पेटवून देणे. हे नाव मी कित्येक वर्षे उच्चारले. आणि तितकीच वर्षे नरडाण्याच्या आमच्या शेतात कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की फाल्गुनात पऱ्हाट्या उपटून, बांधाशी रचून पेटवूनही दिल्या. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, हे कधी मनात आले नाही.

एका वर्षी वारा फिरला आणि आग बांध ओलांडून पडीत तुकड्यात शिरली. धूर विरल्यावर एक टिटवी जळलेल्या जमिनीवर ओरडत घिरट्या घालू लागली. ढेकळांमधल्या खळग्यात तिची चार अंडी काळवंडून तडकली होती. घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, “अंडी दिसली म्हणून तुला वाईट वाटलं. जे दिसलेच नाहीत, ते किती गेले असतील?”

त्यानंतर मी या विषयाचे वाचन सुरू केले. वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक कर्ब असतो. तो कपाशीने हवेतूनच घेतलेला असतो. पेटवली की घटकाभरात तो जवळजवळ सगळा हवेत परततो, नत्रही जाते आणि मागे केवळ राख उरते. मातीत कुजवली तरी बहुतेक कर्ब जातोच, हे वाचून मी प्रथम चकित झालो. बुरशी आणि सूक्ष्म जीव पऱ्हाटी खातात आणि त्यांच्या श्वासावाटे कर्बवायू बाहेर पडतो. पहिल्या वर्षात साधारण दोन तृतीयांश कर्ब असा निघून जातो. परंतु तो जाताना असंख्य जीवांचे पोषण करून जातो, आणि उरलेला अंश मातीच्या कणांना चिकटून राहतो. तोच ओलावा धरतो, तोच जमीन भुसभुशीत ठेवतो. खानदेशच्या उन्हात ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून आपल्या जमिनीला हा घास दरवर्षी नव्याने द्यावा लागतो.

आपल्या गावावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता पुढे इंदूरला पोहोचतो. तेथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि यशवंत वाड या सहकाऱ्यासह १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. कपाशीच्या आणि तुरीच्या टणक काड्या ते शेतरस्त्यांवर पसरून ठेवीत. गाड्यांच्या चाकांखाली त्या चुरल्या की त्यांत शेण, राख व माती मिसळून, ढीग तीनदा परतून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. शेण हवेच, कारण पऱ्हाटीत कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडे. नुसती पऱ्हाटी जमिनीत गाडली, तर सूक्ष्म जीव आपली नत्राची गरज मातीतून भागवतात आणि पुढचे पीक पिवळे पडते.

आम्हीही पऱ्हाट्या यंत्रातून बारीक करून, गोशाळेच्या शेणासह ढीग लावला. तरी मन निश्चिंत नव्हते. ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो, आणि पऱ्हाटीत दडलेली गुलाबी बोंडअळी त्यात मरते. याच अळीच्या धाकाने अनेक शेतकरी पऱ्हाट्या जाळतात. मग मी वेगळे काय केले? चातुर्मासानिमित्त गावी असलेल्या महाराजसाहेबांपुढे ही शंका मांडली. ते म्हणाले, “शेतीत आरंभी हिंसा आहेच. ती शून्य होत नाही, म्हणून कमीही करायची नाही, असे शास्त्र सांगत नाही. यतना ठेवा.”

यतनेचा नियम आईनेच घालून दिला. ढीग फाल्गुनातच लावायचा, आषाढी चौदसपूर्वी खत शेतात पसरून मोकळे व्हायचे, आणि पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते तेव्हा काही उकरायचे नाही. पाण्याची टंचाई असते, म्हणून ढीग जुन्या गोणपाटांनी झाकतो, ओल टिकते. चार वर्षांत माती परीक्षणाच्या अहवालातील सेंद्रिय कर्ब ०.३४ वरून ०.४१ टक्क्यांवर आला आहे. वाढ लहान आहे. परंतु पहिल्या पावसानंतर खणल्यावर पूर्वी न दिसणारी गांडुळे आता दिसतात.

टिटवीची अंडी मात्र परत येणार नाहीत. यंदा ‘दवग्गिदावणया’ हा शब्द आला तेव्हा मी क्षणभर थांबलो आणि मगच ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो. ज्यांच्या शेतात येत्या फाल्गुनात पऱ्हाट्या उभ्या असतील, त्या बंधू-भगिनींना एवढीच विनंती : काडी ओढण्यापूर्वी आपणही क्षणभर थांबावे, आणि निदान एका तुकड्याच्या तरी पऱ्हाट्या मातीला परत द्याव्यात.