उतारवयात तबला

तबला शिकायला वय उरले आहे का, हा प्रश्न मला गेल्या तीन वर्षांत अनेकांनी विचारला. कुणाच्या स्वरात कौतुक असते, कुणाच्या स्वरात काळजी, आणि काहींना हसू आवरलेले नसते. त्या पहिल्या प्रश्नामागून येणारे प्रश्न मात्र खरे असतात: मांडी घालून बसता येत नाही, मग कसे? बोटे दुखत नाहीत का? शेजारी तक्रार करत नाहीत का? तबला घ्यावा तरी कोणता? मी वादक नव्हे. चौसष्टाव्या वर्षी श्रीगणेशा केलेली विद्यार्थिनी आहे. एखादे जाणकार गुरू या प्रश्नांची अधिक शास्त्रशुद्ध उत्तरे देतील. परंतु गुडघे कुरकुरत असताना, घरात आजारी माणूस असताना शिकणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहिते आहे.

ह्यांना पार्किन्सनचा विकार जडून आता आठ वर्षे झाली. अशा घरात दिवसाचे तुकडे गोळ्यांच्या वेळा पाडतात. सकाळी सातची, अकराची, तीनची, सातची. त्यांच्या मधल्या अवकाशात अंघोळ, जेवण, व्यायाम आणि वाट पाहणे. वाचायला बसावे तर ओळ पुढे सरकत नाही, कारण कान ह्यांच्या खोलीकडे लागलेले. मला अर्धा तास असा हवा होता की ज्यात मन दुसरीकडे जाऊच शकणार नाही. तबल्याने तो दिला. सोळा मात्रांच्या त्रितालात डावा हात एक करतो आहे, उजवा दुसरे, तोंडाने बोल चालू आहेत, अशा वेळी भाजीत मीठ घातले की नाही हा विचार मनात आला की ठेका तत्क्षणी कोलमडतो. असा कडक पहारेकरी मला दुसऱ्या कोणत्याही छंदात भेटला नाही.

तबलाच का, पेटी का नाही, असेही विचारतात. माझ्या लहानपणी घरी भजन होई; मुलींनी पेटीवर बसावे आणि तबला मुलांकडे असावा, हे न सांगता ठरलेले असे. त्याच काळात मुंबईत डॉ. आबान मिस्त्री तबला वाजवत होत्या, पुढे पखवाज आणि तबल्याच्या इतिहासावर त्यांनी ग्रंथलेखनही केले. आमच्या गावापर्यंत ती वार्ता पोहोचली नव्हती, इतकेच.

आता बसण्याविषयी. मांडी घालून बसणे ही तबल्याची परंपरा आहे, अट नव्हे. मी हात नसलेल्या लाकडी खुर्चीवर बसते आणि समोर एक बुटके, न डुगडुगणारे मेज ठेवते. त्यावर दोन चुंबळी, त्यांवर तबला आणि डग्गा. हात पुड्यांवर ठेवल्यावर खांदे वर उचलले जात असतील तर मेज उंच आहे, पाठीला पोक येत असेल तर बुटके आहे. या एका गोष्टीकडे लक्ष दिले की मानदुखी बरीच टळते. पावले जमिनीला पूर्ण टेकलेली असावीत.

बोटे दुखतात का? पहिल्या महिन्यात दुखतात, आणि ती बहुधा जोराने मारल्यामुळे दुखतात. तबला हे मारण्याचे वाद्य आहे हा गैरसमज फार खोल रुजलेला असतो. ‘ना’ हा बोल किनारीवर, म्हणजे चाटेवर, तर्जनीने वाजतो. अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते. नाद आघातातून जितका येतो तितकाच बोट चटकन उचलण्यातून येतो. आमचे सर, वयाने माझ्या नातवाच्या आसपासचे, म्हणतात, “काकू, पोळी तव्यावरून उचलताना जसा हात निघतो तसा काढा.” त्या दिवशी मला ‘ना’ सापडला. ज्यांना संधिवात आहे, मधुमेहामुळे बोटांची संवेदना मंदावली आहे किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे लगेच काळेनिळे डाग उठतात, त्यांनी आरंभापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मी सलग अर्धा तास वाजवत नाही. पंधरा मिनिटे सकाळी, पंधरा सायंकाळी. सांधा सुजला तर दोन दिवस सुट्टी, पण सुट्टीतही तोंडाने बोल म्हणायचे.

खरेदीची घाई करू नये. पहिले दोन महिने सरांच्याच तबल्यावर शिकावे. घ्यायची वेळ आली की शिसवी खोडाचा तबला पाहावा, आणि सोबत जाणकार माणूस न्यावा. तोंड जितके लहान तितका सूर चढा, मोठे तितका खालचा. पुष्कळ पुरुष गायक काळी एकच्या आसपास गातात, म्हणून त्या सुराचा तबला सहसा सोयीचा पडतो. डग्गा तांब्याचा नादाला उत्तम, पण उचलायला जड. आपल्याला तो रोज कपाटातून काढून ठेवायचा आहे, हे दुकानात विसरायला होते. पावसाळ्यात हवेतील ओल कातड्यात शिरून सूर उतरतो; तेव्हा गजऱ्यावर हातोडीने हलके ठोके देऊन तो पुन्हा चढवावा लागतो. हे काम वर्षभर तरी सरांकडेच ठेवावे.

एक अवांतर गोष्ट सांगावीशी वाटते. ढोलाचा नाद सामान्यतः ठाम सुराचा नसतो. आपल्या तबल्या-मृदंगाचा असतो. ही किमया पुडीवरच्या काळ्या शाईची. तिच्या भारामुळे पुडीची कंपने सुरेल प्रमाणात येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० सालीच एका लेखात मांडले होते. तबला पुसताना मला ती शाई पाहून दरवेळी आदर वाटतो. ती ओल्या कापडाने कधीही पुसू नये.

शेजाऱ्यांचा प्रश्न सोपा आहे. दुपारच्या विश्रांतीची वेळ सोडावी आणि अगदीच गरज पडली तर दोन्ही पुड्यांवर पातळ सुती कापड अंथरावे.

सर्वांत महत्त्वाचे कुणी विचारत नाही, ते असे की तबला शिकायला तबला लागतोच का? प्रारंभी लागत नाही. बोल तोंडाने म्हणत हाताने टाळी देणे, याला पढंत म्हणतात. त्रितालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. तिथे टाळी न देता हात बाजूला न्यायचा. वाजवताना दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा मौन धरतो आणि चौदाव्या मात्रेवर परत बोलू लागतो. दीड महिना मी केवळ पढंत करत होते, आणि तिनेच घरात एक अनपेक्षित काम केले.

ह्यांची पावले मध्येच थिजतात. विशेषतः दाराच्या उंबऱ्याशी. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, शरीर मात्र पुढे झुकते. पडण्याचा धोका तिथेच असतो. या विकारात चालण्याची आतली लय बिघडते, आणि बाहेरून ठराविक ठोका मिळाला तर पुष्कळांना पाऊल टाकणे सुकर होते, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हांला समजावले होते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पार्किन्सनच्या रुग्णांनी ३ आठवडे लयबद्ध संगीतावर चालण्याचा सराव केल्यावर त्यांचा वेग आणि पावलांची लांबी वाढलेली दिसली होती. बाईंनी ठोके देणारे यंत्र सुचवले. ते ह्यांना आवडेना; “घड्याळाच्या दुकानात आल्यासारखे वाटते” म्हणाले.

मग पढंत. तबला वाजवायला बसले तर ह्यांना धरणार कोण, हा प्रश्नच उरला नाही, कारण माझे दोन्ही हात मोकळे. मी ह्यांच्या कंबरेचा पट्टा धरून शेजारी उभी राहते. आधी जागच्या जागी भार या पायावरून त्या पायावर, एक आवर्तन. “धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.” आणि पुढच्या समेवर पाऊल उंबऱ्यापलीकडे. गती किती ठेवायची ते बाईंनी ठरवून दिले; ती मी स्वतःच्या मनाने वाढवत नाही. वाचकांपैकी कुणाला हे करावेसे वाटले तर आपल्या फिजिओथेरपिस्टला आधी दाखवावे, आणि रुग्णाला एकट्याने करू देऊ नये.

कोणता ताल, हेही अनुभवाने कळले. त्रिताल चालतो, केरवा चालतो. सोळा आणि आठ मात्रा, चार-चारांचे विभाग, त्यामुळे प्रत्येक विभाग त्याच पायावर सुरू होतो. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनांचा. त्यात दुसरा विभाग दुसऱ्या पायावर पडतो आणि हे गोंधळतात. रूपकाच्या सात मात्रांत तर समच दर आवर्तनाला पाय बदलते. तो आम्ही सोफ्यावर बसून म्हणतो.

हे रोज जमते असे नाही. औषधाचा अंमल उतरला असेल तेव्हा कितीही आवर्तने झाली तरी पाऊल उठत नाही. तेव्हा खुर्ची मागे ओढून घ्यायची, ह्यांना बसवायचे आणि गोळीची वाट पाहायची. विकार आपल्या वाटेने पुढे जातो आहे. तीन वर्षांपूर्वी जिना चढता येत होता, आता येत नाही.

शेवटचा प्रश्न, किती वर्षांत वाजवता येईल? भजनाला साधा केरवा धरता येण्याइतके मला दीड वर्ष लागले. दिल्ली घराण्याचा पहिला कायदा, ‘धाधा तिट धाधा तिंना’, बरोबरीत येतो; दुगुणीत ‘तिट’ अजून अडखळते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा यंदा देण्याचा विचार आहे. सरांना मी तयार आहे असे वाटते. ह्यांना वाटत नाही. सायंकाळी मी वाजवत असताना हे पलंगावर पडून उजव्या हाताने चादरीवर ताल धरतात, आणि माझी खाली चुकली की तिथेच हात थांबवून माझ्याकडे पाहतात.