देव्हाऱ्यातली चिठ्ठी

माझं माहेर सांगलीकडचं, सासर कोरेगाव तालुक्यात. गावात मी आशा म्हणून काम करते. घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, भरायचा. तंबाखू, दारू, कमरेचा घेर इथपर्यंत बायका भराभर सांगतात. "छातीत गाठ लागते का? बोंडातून रक्त येतं का?" म्हटलं की नजर खाली. सासू दारात असली तर उत्तर ठरलेलं, "काय न्हाय." म्हणून हे प्रश्न मी गोठ्यात विचारते.

पुढं उपकेंद्रात पडद्याआड सिस्टर हातानं तपासतात. सरकारी कार्यक्रमात स्तनांची पहिली तपासणी हाताचीच, दर पाच वर्षांनी. सरसकट मॅमोग्राफी नाही. मला हे फार अपुरं वाटायचं. मग टाटा हॉस्पिटलच्या अभ्यासाबद्दल कळलं. १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायका त्यात होत्या. निम्म्या जणींना आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं. वीस वर्षांनी हिशेब केला, तर पन्नाशीपुढच्यांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी. तरुण बायकांत तसा फरक दिसला नाही. तरी हाताच्या तपासणीवर माझा विश्वास तेव्हापासून बसला.

आमच्या आळीतल्या एका काकूंनी गोठ्यातच माझा हात धरून छातीवर ठेवला. चिंचोक्याएवढी गाठ, दगडासारखी, जागची हलत नव्हती.

"दुखत न्हाय, मग कशाला दवाखाना?"

"काकू, दुखत नाही म्हणूनच दाखवायची."

सिस्टरनी तपासलं, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. माझं काम झालं असं मी धरलं. महिन्यानं गेले तर चिठ्ठी देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली. "सुगी झाली की जाते." तो महिना माझ्या मनातून अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन साताऱ्याला गेले. सुईनं तुकडा काढला, कॅन्सर निघाला. लेक मिरजेत दिलेली, म्हणून उपचार तिकडं. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं. काकूंचं एकच विचारणं होतं, "सुनंला सांगू का नको?" मी म्हटलं, आधी तिलाच सांगा, तिलाही तपासायचंय.

आता चिठ्ठी दिली की तिच्या पाठीवर दवाखान्यात जायचा दिवस लिहिते, आणि त्या सकाळी एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहते.