उमेदवारी

मराठीतल्या काही शब्दांचा दोन दोन घरी राबता असतो. ‘उमेदवार’ हा त्यांतलाच. निवडणुकीला उभा राहतो तो उमेदवार, नोकरीसाठी अर्ज करतो तोही उमेदवार, आणि कारखान्यात अर्ध्या पगारावर वर्ष-दोन वर्षे काम शिकतो तोही उमेदवारच. अर्ज करणे निराळे आणि शिकणे निराळे, अशी माझी आजवरची समजूत होती. आधी अर्ज, मग निवड, आणि मग शिकणे. हा क्रम आमच्या धाकटीने उलटापालटा करून टाकला, त्याची ही हकिकत.

२०२३ चा ऑगस्ट महिना. तेवीस तारखेला चांद्रयान चंद्रावर उतरले. ज्या रॉकेटाने ते आकाशात नेले त्याचे काही भाग आमच्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडलेले. मग काय विचारता! जंक्शनपासून कळंबपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय. आयुष्यात कधी कारखान्याच्या फाटकाआत न गेलेला माणूसही ‘आमचं रॉकेट’ म्हणू लागला. मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस. माझी छाती तर दोन इंच जास्तच फुगली होती.

त्याच सुमारास धाकटी माजघरात लॅपटॉप मांडीवर घेऊन कसलासा अर्ज भरत होती. बारामतीला तिचे इंजिनिअरिंग झाले होते, पण मनाजोगती नोकरी मिळाली नव्हती. “कसला अर्ज गं?” म्हणून विचारले, तर म्हणाली, “आउटरीचीचा. घरी बसून शिकायचं, बाबा. तीन महिने, आठवड्याला तीस तास. शिकवणारा परदेशातला, आणि शिकणाऱ्यालाच सात हजार डॉलर.”

पावणेसहा लाखांवर रुपये, आणि तेही शिकणाऱ्याला! माझ्या वेळी उमेदवाराला चहा मिळाला तरी तो दिवस चांगला म्हणत. मला यात काहीतरी गोम आहे असे वाटले. शिवाय काम शिकायचे ते जाणत्याच्या शेजारी उभे राहून. ज्यांच्या नावाने आमचे गाव आहे त्या वालचंद हिराचंदांनीसुद्धा धंद्याचा श्रीगणेशा रेल्वेच्या कंत्राटांत केला तो लक्ष्मणराव फाटकांच्या जोडीने, आणि फाटक रेल्वेतले माहीतगार. शिकवणारा सातासमुद्रापलीकडे आणि शिकणारी वालचंदनगरात, हे जमायचे कसे?

तिने मला समजावून सांगितले. जगात काही सॉफ्टवेअर खुले असते. त्याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, त्यातली चूक कोणीही दुरुस्त करावी. लिनक्स १९९१ पासून असेच वाढत आले. पण ‘कोणीही’ म्हटले तरी येतात ते ठरावीकच लोक. २००६ साली ग्नोम नावाच्या अशाच एका खुल्या प्रकल्पाकडे गूगलच्या उन्हाळी योजनेतून १८१ अर्ज आले, आणि त्यांत बाईचा एकही नव्हता. त्या मंडळींना याची टोचणी लागली आणि त्यांनी खास स्त्रियांसाठी उमेदवारीची योजना काढली. तिचेच पुढे आउटरीची झाले, आणि ज्या ज्या लोकांना या धंद्याचे दार सहसा उघडत नाही त्या सगळ्यांसाठी ते खुले झाले.

म्हणूनच अर्जात एक प्रश्न होता : हे शिकताना तुमच्या वाटेत काय आडवे आले?

धाकटीने उत्तर लिहिले होते. म्हणाली, “बाबा, मराठीत सांगते. खोटं असेल तर सांगा.” आणि तिने वाचले. ‘आमचे वडील कुशल कारागीर आहेत. घरातला पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप ते स्वतः उघडत. दादाच्या हातात ते पाना देत. माझ्या हातात बॅटरी देत, आणि म्हणत, नीट उजेड धर.’

मी पुष्कळ वेळ काही बोललो नाही. हात काळे होतील, ग्रीसने फ्रॉक खराब होईल, असे मी त्या वेळी म्हणत असे; आणि मला ती मायाच वाटत होती. तिच्या आईने स्वयंपाकघरातून सगळे ऐकले असावे, कारण भांड्यांचा आवाज थांबला होता. शेवटी मी म्हणालो, “खरं आहे. राहू दे तसंच.”

तो पहिला अर्ज मंजूर झाला. पण ती निवड नव्हे. खरी परीक्षा ऑक्टोबरात. एखाद्या प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवायचे आणि त्यावरून निवड व्हायची. म्हणजे अर्ज हेच शिकणे! तिच्या प्रकल्पाची मार्गदर्शक ब्राझीलमधली एक बाई. तिकडे सकाळचे नऊ वाजत तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. धाकटीकडे आलेली चूक लहानशी होती. आपल्या भाषेत तारीख लिहिताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत होती. पण तीन दिवस ती त्यातच अडकली. जेवणावर लक्ष नाही, बोलणे नाही.

“त्या बाईंना विचार की.”

“तिथं सगळ्यांसमोर विचारावं लागतं, बाबा. सगळे वाचतात. मला येत नाही हे जगजाहीर होईल.”

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. ती तिच्या आईलाही मी कधी सांगितली नव्हती. पुण्याकडे एका लहानशा कारखान्यात मी उमेदवार होतो. एका शाफ्टवर बेअरिंग बसायच्या जागी चाळीस मिलिमीटरचे माप ठेवायचे होते. मायक्रोमीटर वाचताना माझा गोंधळ होई, पण विचारायची लाज. अंदाजाने काप घेतला आणि माप दोन दशांश खाली गेले. जॉब वाया. मी तो भंगाराच्या पिंपात तळाशी दडपला. दुसऱ्या दिवशी मोजणीत एक शाफ्ट कमी आला. ठपका माझ्या शेजारच्या लेथवरच्या पोरावर आला. त्याचा त्या दिवसाचा रोज कापला गेला. मी मान खाली घालून मशीन पुसत राहिलो. आठवड्याने पिंप रिकामे करताना मिस्त्रींना तो शाफ्ट सापडला. त्यावरचा काप पाहून त्यांनी माझा हात ओळखला. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “विचारलं असतंस तर दोन मिनिटं लागली असती रे.” मग त्यांनी मला मायक्रोमीटर वाचायला शिकवले, आणि खरोखरच दोन मिनिटे लागली. पण त्या पोराची मी माफी मागितली नाही ती नाहीच. पुढच्याच महिन्यात तो काम सोडून गेला.

धाकटीने सगळे ऐकून घेतले. काही बोलली नाही. रात्री तिने प्रश्न विचारून टाकला. दुसऱ्या दिवशी साडेपाचला उत्तर आले : प्रश्न चांगला विचारलास; याच ठिकाणी आणखी दोघे अडकलेत, त्यांचेही काम झाले. चार ओळी बदलल्या आणि तारीख सरळ झाली. त्या चार ओळीही बाईंनी दोनदा परत पाठवल्या. प्रत्येक वेळी काय सुधारायचे ते ओळीशेजारी लिहून. मी ते धाकटीकडून वाचून घेतले आणि माझी शंका फिटली. शेजारी उभे राहणे म्हणजे काय, ते त्या बाईंना ठाऊक होते.

निकाल दिवाळीनंतर लागला. धाकटीची निवड झाली नाही. जागा थोड्या आणि झटणारे पुष्कळ. दोन दिवस घरात उरलेल्या चकल्यांना कोणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पोरगी पुन्हा लॅपटॉप घेऊन बसलेली. म्हणाली, “पुन्हा अर्ज करता येतो. आणि माझ्या चार ओळी तिथं आहेतच.” तारीख सरळ उमटते तेव्हा ती कोणी सरळ केली हे कोणी विचारत नाही. माझ्या हातचे शाफ्टही कुठे कुठे असेच फिरत असतील.

त्याच दुपारी चटणी वाटताना मिक्सर बंद पडला. तिच्या आईने सवयीने मला हाक मारली. मी पाना आणि स्क्रू ड्रायव्हर काढून धाकटीपुढे ठेवले, आणि स्वतः बॅटरी घेऊन शेजारी बसलो.

“बाबा, हात हलवू नका,” ती म्हणाली. “नीट उजेड धरा.”