माणशी दोन बादल्या

सुरुवातीलाच सांगते, माझं मराठी कच्चं आहे. बारावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. 'माणशी' हा शब्द तर मला गेल्या मे महिन्यापर्यंत माहीतच नव्हता! हा लेख त्या शब्दाबद्दल आहे, आणि ज्या माणसाने तो शब्द पाण्याला लावला त्याच्याबद्दल.

गेल्या एप्रिलमध्ये आपल्या हॉस्टेलला पाण्याचे किती हाल होते ते सगळ्यांना आठवत असेल. सकाळी जेमतेम एक तास पाणी. मी तळमजल्यावर राहते. खाली नळ आधी येतो आणि उशिरा जातो. आम्ही तिघी रूममेट पहाटे पाचला उठून सहा बादल्या आणि एक टब भरायचो. एकदा वरच्या मजल्यावरची फर्स्ट इयरची मुलगी रिकामी बादली घेऊन आली. तिचा पेपर होता, अंघोळ राहिली होती. मी म्हटलं, "संपलं गं." पलंगाखाली दोन भरलेल्या बादल्या होत्या.

सुट्टीत आजोळी गेले. आजोळ पुरंदर तालुक्यात. आमची हुशारी मी आबांना रंगवून सांगितली. आबा हसले नाहीत.

"माणशी किती पाणी येतं तुमच्यात?"

"माणशी म्हणजे?"

"दर डोई गं. विलासराव साळुंख्यांचं नाव ऐकलंस का? तुम्ही होणार तसेच ते पण इंजिनीयर."

नव्हतं ऐकलं. मग आबांनी सांगितलं, आणि राहिलेलं मी परत आल्यावर लायब्ररीत वाचलं.

साळुंख्यांचा पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनवायचा कारखाना होता. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदरला आले. दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. खडी फोडून आजची चूल पेटेल, पण पुढच्या दुष्काळाचं काय? तेच हात माती आणि पाणी अडवायला का लावू नयेत? असं त्यांना वाटलं. वाटून ते थांबले नाहीत. नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी कराराने घेतली आणि तिथेच मुक्काम ठोकला. उतारावर समपातळीतले बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खणली आणि विहिरीचं पाणी पंपाने परत वरच्या शेतात चढवलं. माळ हिरवा झाला. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं राहिलं.

समपातळी म्हणजे आपली कंटूर लाइन! प्रॅक्टिकलला डम्पी लेव्हल लावून आपण काढतो (आणि रीडिंग जुळवून घेतो!) तीच. बांध त्या रेषेवर असला की पाणी धावत नाही, थांबतं, मुरतं, आणि माती जागेवर राहते.

पण खरी गंमत पुढे आहे. आलेलं पाणी वाटायचं कसं? साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने नियम केले. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. योजना एकट्याची नाही, गटाची, आणि खर्चाचा २० टक्के वाटा गटाने आधी स्वतः उचलायचा.

बांध, तलाव, पंप हे सगळं आपल्या सिलॅबसमध्ये आहे. कोणाला किती, हे कुठल्याच युनिटमध्ये नाही. मला वाटतं त्या माणसाचं सगळ्यात अवघड डिझाइन हेच होतं. सगळ्या योजना टिकल्या नाहीत. वाटून घेणं सोपं असतं तर आपल्या हॉस्टेलमध्ये भांडणं कशाला झाली असती?

"मग तुम्ही होता का आबा पंचायतीत?" मी विचारलं.

आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्याकडं पण गट करायची बोलणी झाली होती. मला बारा एकर, स्वतःची विहीर. बिनजमिनीच्या माणसाला पाणी कशाला, म्हणालो मी. ऊस लावला. बोलणी तिथंच मोडली."

ती विहीर मी रोज बघत होते. तळाला भेगा पडलेल्या. गावात टँकर येतो, आणि आबांची घागर इतरांच्या घागरींसारखीच रांगेत असते.

विलासराव २००२ साली गेले, माझ्या जन्माच्याही आधी. त्यांच्या पत्नी कल्पनाताईंनी काम पुढे चालवलं. त्यांचा पुतळा वगैरे उभारण्यापेक्षा एक साधी गोष्ट आपल्याला करता येईल. हा अंक हातात पडेल तेव्हा उन्हाळा तोंडावर असेल. मी रेक्टर मॅडमना अर्ज दिलाय: माणशी दोन बादल्या, मजला कुठलाही असो, आणि नळावर पाळीपाळीने एक मुलगी पाटकरी. माझ्या दोन्ही रूममेट चिडल्यात. सही फक्त माझी आहे. आणखी सह्या हव्यात.

आणि ती फर्स्ट इयरची मुलगी आता सेकंड इयरला आहे. रोज मेसमध्ये दिसते. तिला अजून खरं सांगायचं धाडस झालं नाही. तिने हे वाचलं तर बरं होईल. पाणी होतं गं त्या दिवशी.