चौकटीच्या कडेची मुंबई

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईहून देशोदेशी गेलेल्या चित्रकार्डांचा, म्हणजे एका बाजूला छापील चित्र असलेल्या पोस्टकार्डांचा, बोरीबंदरचे स्थानक हा मोठा आवडीचा विषय होता. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली आणि तिचा घुमट व त्यावरील प्रगतीची मूर्ती छायाचित्रकारांनी मोठ्या हौसेने चौकटीच्या मधोमध टिपली. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र खरा ऐवज कडेला सापडतो, कारण तेथे जे आले ते दाखवण्याचा छायाचित्रकाराचा हेतूच नव्हता आणि म्हणून त्याने ते सजवूनही मांडले नाही.

अशा अनाहूत साक्षीदारांत पहिला मान ट्रामचा. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आणि विजेची १९०७ मध्ये धावू लागली, त्यामुळे डब्यापुढे घोडे आहेत की डोक्यावर तार, एवढ्यावरून चित्राचा काळ बराचसा ठरतो. टपालाच्या शिक्क्यापेक्षा हा पुरावा अधिक भरवशाचा आहे, कारण शिक्का कार्ड केव्हा धाडले एवढेच सांगतो आणि एकच छायाचित्र वर्षानुवर्षे छापून विकले जाई. अपोलो बंदराच्या चित्रात १९०३ मध्ये उघडलेले ताजमहाल हॉटेल दिसते, पण १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया दिसत नाही, तेव्हा किनाऱ्याची ती मोकळी जागाच काळाची खूण ठरते. कार्डाची मांडणीही बोलते: जुन्या नियमानुसार मागील बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असल्याने मजकूर चित्राशेजारच्या कोऱ्या पट्टीत दाटीवाटीने लिहावा लागे, ब्रिटनने १९०२ मध्ये मागील बाजू दुभागण्यास परवानगी दिली आणि पुढे इतरत्रही चित्राला पूर्ण पान मिळाले.

रंगांच्या बाबतीत मात्र कार्डावर विश्वास ठेवू नये. छायाचित्र कृष्णधवल असे आणि रंग नंतर, पुष्कळदा जर्मनीतील छापखान्यात, चढवले जात; त्यामुळे राजाबाई टॉवरच्या भिंती कोणत्या रंगाच्या आहेत हे पाहायचे तर त्याच्या पायथ्याशीच जावे लागते, जेथे कुर्ल्याचा फिकट पिवळसर दगड आपला रंग स्वतःच दाखवतो. याउलट काही गोष्टी आता कार्डातच उरल्या आहेत. स्थानकाच्या दर्शनी भागावरील राणी व्हिक्टोरियाचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलवला गेला, तो तेथे कसा दिसे हे जुनी चित्रेच दाखवतात.

हॉर्नबी रोडची, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गाची कार्डे या दृष्टीने सर्वांत समृद्ध म्हणावी लागतील. तेथील इमारतींच्या शैली भिन्न आहेत, तरी तळमजल्यावरची कमानींची छायादार वाट एका इमारतीतून दुसरीत अखंड जाते, कारण १८९६ च्या सरकारी नियमाने ती प्रत्येक मालकावर बंधनकारक केली होती. पुढे दुकानांच्या पाट्यांनी या कमानी झाकल्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या पाट्या आटोपशीर करण्याचे काम झाले, तेव्हा खांबांच्या माथ्यावरील कोरीव पाने पुन्हा मोकळी झाली आणि कार्ड हाती धरून ती एकेक करून ताडून पाहता येऊ लागली.