मागची फळी

६ ऑगस्ट २०२५, बुधवार, रायपूर

बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे आणि प्रशिक्षक-कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम होणार की नाही, हेच ठरलेले नाही. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपतो आणि नव्याचा पत्ता नाही.

बातमी वाचली आणि पहिला आठवला तो राहुल भेके. मुंबईचा, भारताचा बचावपटू, डिसेंबरात पस्तीस पूर्ण करील. बचावपटूची चांगली वर्षे उशिरा येतात. पाय थोडे मंदावतात, पण चेंडू कुठे पडणार हे आधी कळू लागते. ती वर्षे कागदावरच्या भांडणात जावीत, याचा मला फार राग येतो.

संध्याकाळी, मी मुलींना फुटबॉल शिकवते त्या मैदानावर, आमच्या स्टॉपरचे (मधल्या बचावपटूचे) वडील थांबले होते. "मॅडम, यात पुढे काय आहे?" खोटे सांगणे मला जमणार नव्हते. रेल्वे आहे, पोलीस आहेत, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागते. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय आपल्या बिलासपुरातच आहे. क्लबच्या पगारावर घर चालवायचे म्हटले, तर मात्र क्लब टिकला पाहिजे, असे मी म्हणाले. ते गप्प राहिले. मुलीला उद्यापासून पाठवणार नाही, असे म्हणाले नाहीत एवढेच.

१० ऑगस्ट, रविवार

रात्रभर पाऊस. मैदानात घोट्याएवढे पाणी. मुलींना तात्यापाऱ्यात घरीच बोलावले आणि दोन जुने सामने लावले.

पहिला १७ मार्च २०१८ चा. सुपर लीगचा अंतिम सामना, बेंगळुरूचे कांतीरवा स्टेडियम, घरचे प्रेक्षक. नवव्या मिनिटाला बेंगळुरूच्या छेत्रीचा गोल. मग चेन्नईयिनचा बचावपटू माइल्सन आल्व्हेस कॉर्नरवर उडी मारतो आणि बरोबरी. मध्यंतराच्या तोंडावर पुन्हा कॉर्नर, पुन्हा तोच माइल्सन. शेवटी चेन्नईयिन ३-२. बेंगळुरूच्या त्या संघात भेके होता.

दुसरा सामना बरोबर वर्षाने, १७ मार्च २०१९, मुंबईत अंधेरीला. पुन्हा अंतिम सामना, बेंगळुरूसमोर एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. अतिरिक्त वेळेत गोव्याच्या जाहूला लाल कार्ड. पेनल्टी शूटआउटची वेळ येणार असे वाटत असताना डिमास डेलगाडोचा कॉर्नर आला आणि भेकेने डोके लावले. चेंडू खांबाला आतून लागून जाळीत. १-०, आणि बेंगळुरूचे सुपर लीगमधले पहिले विजेतेपद, तेही भेकेच्या स्वतःच्या शहरात.

मुली ओरडल्या. मी चित्र मागे नेले आणि गोलाच्या आधीची दोन-तीन सेकंदे पुन्हा पुन्हा दाखवली. मला तेवढेच दाखवायचे होते. कॉर्नरवर गोल करणारा बचावपटू नवे काही करत नाही. आपल्या गोलासमोर तो रोज जे करतो तेच करतो: मारणाऱ्याच्या पायाकडे बघतो, चेंडूची उंची इतरांच्या आधी ओळखतो, पहिली दोन पावले चोरतो आणि धावत येऊन एका पायावर उडी घेतो. जागेवरून दोन्ही पायांनी उडणारा नेहमी उशिरा पोहोचतो. २०१८ मध्ये बेंगळुरू ज्या कॉर्नरवर बुडाले, त्याच कॉर्नरवर पुढच्या वर्षी तरले. ज्याने आपल्या गोलासमोर तो मार खाल्ला आहे, त्यालाच समोरच्या गोलापुढे कुठे जायचे हे नीट कळते, असे माझे ठाम मत आहे.

या दोन सामन्यांच्या मध्ये, २० एप्रिल २०१८ ला भुवनेश्वरमध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालविरुद्ध बरोबरीचा गोलही भेकेचाच होता. तो त्याचा जुना क्लब.

आमची स्टॉपर शेवटी म्हणाली, "पण मॅडम, त्याने अडवलेले कुणी दाखवतच नाही." खरे आहे. अडवलेला चेंडू हायलाइटमध्ये येत नाही. म्हणून मी मुलींना पूर्ण सामने दाखवते.

२३ ऑगस्ट, शनिवार, पोळा

सकाळी आईकडे पुरणपोळी, शेजारून ठेठरी आणि खुरमी आली. मैदानाला सुट्टी.

दुपारी भेकेचे क्लब वहीत उतरवून काढले: मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, एफसी पुणे सिटी, बेंगळुरू, मुंबई सिटी, पुन्हा बेंगळुरू. त्या काळी आय-लीग आणि सुपर लीग वेगवेगळ्या महिन्यांत चालत, त्यामुळे एकाच वर्षात दोन रंगांच्या जर्सी. यातले मुंबई एफसी आज नाही. पुणे सिटीही नाही. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाले होते. महाराष्ट्रातल्या मुलाने व्यावसायिक फुटबॉलपटू व्हायचे म्हणजे पायाखालचे मैदान निघून जात असताना उभे राहायचे. त्यासाठी भेके राइट बॅक खेळला, स्टॉपर खेळला, लांब थ्रो-इन टाकू लागला. प्रशिक्षक बदलले तरी कुठल्या ना कुठल्या जागी त्याची गरज लागलीच.

मुंबई एफसीत त्याचे प्रशिक्षक खालिद जमील होते. या महिन्यात तेच भारताचे प्रशिक्षक झाले आहेत, आणि संघात भेके आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची आरती करून धावत घरी. ताजिकिस्तानात हिसोरला भारत २-१. पहिला गोल अन्वर अलीचा, दुसरा संदेश झिंगनचा, दोघेही स्टॉपर. मग गोलरक्षक गुरप्रीतने पेनल्टी अडवली. आज मागच्या फळीचा दिवस होता, आणि मी कितीतरी दिवसांनी इतकी आनंदात आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

ताजिकिस्तानातल्या त्याच स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी ओमान. इराणविरुद्ध गालाचे हाड दुखावून झिंगन घरी परतलेला. ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास भेकेची लांब थ्रो-इन, दानिश फारूकच्या डोक्याला निसटती लागून मागे, आणि उदांताचा हेडर. १-१. शूटआउटमध्ये भेकेने आपली पेनल्टी मारली, गुरप्रीतने शेवटची अडवली, ३-२.

लांब थ्रोमागे हातांपेक्षा पाठ आणि पोट जास्त असते. पावसाळ्यात मुलींकडून मेडिसिन बॉल फेकून घेतला, तो याचसाठी. उद्या त्यांना सांगणार आहे.

एक जुनी नोंदही इथेच करते. ११ एप्रिल २०२२, रियाध: मुंबई सिटीने इराकच्या हवाई दलाच्या क्लबला २-१ ने हरवले, एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत भारतीय क्लबचा पहिला विजय. विजयी हेडर भेकेचाच. पुढे ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून त्याने मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून सुपर लीगचा करंडक उचलला. अंधेरीच्या गोलाला तोवर पाच वर्षे होऊन गेली होती. एवढा काळ वरच्या पातळीवर टिकणे ही माझ्या दृष्टीने त्या गोलापेक्षा मोठी गोष्ट.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल मडगावला फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२. छांगतेच्या गोलाने पुढे होतो. २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद. नोव्हेंबरात ढाक्याला सामना आहे, पण त्यावर आता काही अवलंबून नाही. झोप लागली नाही.

मुलींचे दार मात्र उघडे आहे. ५ जुलैला चियांग माईत थायलंडला २-१ ने हरवून महिला संघाने पहिल्यांदाच पात्रता फेरीतून आशियाई चषक गाठला, मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया. त्या पात्रता फेरीच्या संघात बालोदची किरण पिस्दा होती, बचावात. बालोद इथून काही तासांवर आहे. ज्या राज्याचा आजवर कुणी नकाशात फुटबॉलसाठी शोध घेतला नाही, तिथली ही मुलगी. गेल्या वर्षी नारायणपूरच्या रामकृष्ण मिशन आश्रमात वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हाही मला असाच अभिमान वाटला होता.

आमच्या स्टॉपरला निवड चाचणीला जायचे आहे. शाळेच्या रजेचा अर्ज मी लिहून दिला. वडील म्हणाले, त्या दिवशी दुकान बंद ठेवून ते स्वतः घेऊन जातील. बुटांचे तळ झिजलेत; शनिवारी तिच्यासोबत बाजारात जाऊन नवे घ्यायचे आहेत.